अंजनेरीच्या नोंदवहीतील नववा रकाना

आमच्या सर्वेक्षणाच्या नोंदवहीत सुरुवातीला आठ रकाने होते: दिनांक, ठिकाण व उंची, स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, कुळ, उपयुक्त भाग, उपयोग आणि विपुलता. औषधी वनस्पतींच्या कोणत्याही पाहणीत थोड्याफार फरकाने हेच रकाने असतात. विद्यार्थिनी असताना मी असेच तक्ते भरले आणि पुढे वनस्पतिशास्त्र शिकवू लागल्यावर ते विद्यार्थ्यांकडून भरून घेतले. नववा रकाना आम्ही दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात प्रत्येक पानाच्या उजव्या समासात पेनाने रेघ मारून वाढवला. तो का वाढवावा लागला, हे एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाताना साधारण वीस किलोमीटरवर अंजनेरीचा डोंगर लागतो. त्याची उंची सुमारे १,३०० मीटर आहे. अंजनीमातेने येथे तप केले आणि हनुमंताचा जन्म येथेच झाला, अशी या भागातील लोकांची श्रद्धा आहे. पायथ्याच्या गावात यादवकालीन मंदिरांचे अवशेष विखुरलेले असून त्यांतील एका जैन मंदिरात शके १०६३ चा, म्हणजे इ. स. ११४२ च्या सुमाराचा शिलालेख आहे. गावातून वर निघाले की कातळातल्या खिंडीत पायऱ्या लागतात, तेथेच जैन लेणे आहे, आणि खिंड संपली की एकदम मोकळे पठार समोर येते. पठारावर अंजनीमातेचे मंदिर आणि तळे आहे. त्या तळ्याचा आकार हनुमंताच्या पावलाचा आहे असे लोक सांगतात. तेथून आणखी एक चढ चढून गेले की सर्वांत वरच्या माथ्यावर अंजनीमातेचेच दुसरे मंदिर येते. डोंगराच्या कड्यांमध्ये गिधाडांची घरटी आहेत, आणि त्यांच्यासाठी व येथील दुर्मीळ वनस्पतींसाठी २०१७ मध्ये अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला.

पायथा, खिंड, पठार आणि माथा या चार टप्प्यांवर वनस्पती इतक्या बदलतात की एकाच डोंगरावर चार वेगवेगळ्या पाहण्या कराव्यात असे वाटते. पायथ्याच्या उतारावर धायटी, मुरुडशेंग, निर्गुडी आणि बिब्बा. खिंडीच्या ओलसर सावलीत दिंडा आणि झाडांवर चढलेली गुळवेल. कड्याच्या कपारींत रानकेळ, जिला सह्याद्रीत बऱ्याच ठिकाणी कवदर म्हणतात. पठाराच्या कडेने कारवीची दाटी आणि तिच्या आडोशाला शतावरी, भारंगी, कळलावी. उघड्या कातळावर, जेथे जेमतेम बोटभर माती साचते, तेथे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळ्या होणाऱ्या लहानग्या वनस्पती. डोंगर पूर्णपणे बसाल्टचा आहे. माथ्यावर पडलेला पाऊस थांबत नाही, म्हणून पठारावरच्या बहुतेक औषधी वनस्पती आपले सगळे बळ कंदात, मुळात किंवा खोडात साठवून आठ महिने जमिनीखाली झोपून काढतात. ही गोष्ट पुढच्या सगळ्या मजकुराच्या मुळाशी आहे, कारण ज्या भागात वनस्पतीचे बळ साठते तोच भाग औषधाला लागतो आणि तोच काढला की वनस्पती संपते.

कामाची पद्धत थोडक्यात सांगते. ठरलेल्या वाटांवरून दर महिन्याला एकदा, पावसाळ्यात दर पंधरवड्याला, दोन्ही बाजूंची नोंद करत जायचे. ठरावीक अंतरावर दोऱ्यांनी चौकट आखायची, झाडांसाठी मोठी, झुडपांसाठी मध्यम आणि गवताएवढ्या रोपांसाठी मीटरभर लांबरुंद, आणि चौकटीत जे असेल ते मोजायचे. जे ओळखू येत नाही त्याचा फुलासह नमुना घ्यायचा, वर्तमानपत्रांच्या घडीत दाबून वाळवायचा आणि बेचाळीस गुणिले अठ्ठावीस सेंटिमीटरच्या जाड कागदावर शिवून त्याची कैफियत उजव्या कोपऱ्यात लिहायची. सांगायला हे सोपे आहे. श्रावणात पठारावर ढग उतरले की दहा पावलांवरचा विद्यार्थी दिसत नाही, कागद दमट होतात आणि दर काही तासांनी न बदलल्यास दाबलेल्या पानांवर बुरशी धरते. पहिल्या वर्षी आमचा नमुन्यांचा एक पूर्ण गठ्ठा असाच काळा पडला. ओळख पटवताना थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात सिद्ध केलेली मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची अजूनही हाताशी लागते, आणि शंका राहिली की पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात जाऊन तेथील जुन्या वाळवलेल्या नमुन्यांशी आपला नमुना ताडून पाहावा लागतो.

मात्र पहिल्या सहा महिन्यांत मला जे शिकायला मिळाले ते ना सूचीत होते ना वाळवलेल्या नमुन्यांत. पायथ्याजवळच्या पाड्यावरचे एक भगत आमच्याबरोबर वाट दाखवायला येऊ लागले. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणतो. सत्तरीच्या पुढचे, महादेव कोळी समाजातले, हातात कोयता, खांद्यावर घोंगडी. एका सकाळी पायथ्याच्या उतारावर मी एका झाडापाशी थांबून विद्यार्थ्यांना कुडा समजावून सांगत होते. अतिसारावर आणि मूळव्याधीवर कुड्याच्या सालीला आयुर्वेदात फार मोठे स्थान आहे, कुटजारिष्ट याच सालीपासून होते, वगैरे. बाबा जरा वेळ ऐकत उभे राहिले आणि मग म्हणाले, "मॅडम, हा तो न्हाई. पान बघून फसाल. बी चाखा."

त्या झाडाला आदल्या हंगामातल्या वाळक्या शेंगा लटकत होत्या. त्यांनी एक शेंग तोडून उकलली आणि माझ्या तळहातावर बिया टाकल्या. लांबट, बारीक, करड्या रंगाच्या त्या बियांना एका टोकाला रेशमासारख्या पांढऱ्या केसांचा झुबका होता. मी एक बी दातांखाली धरली. चव जवळजवळ नव्हतीच, थोडी गोडसरच. मग ते आम्हाला वीस-पंचवीस पावले वर दुसऱ्या झाडापाशी घेऊन गेले. साल जरा खरखरीत, पाने थोडी मोठी, एवढाच फरक माझ्या डोळ्यांना दिसला. तेथली बी चावताच तोंड असे कडूजहर झाले की पाणी प्यायल्यावरही घशातून कडवटपणा जाईना. पहिले झाड काळा कुडा होते, म्हणजे राइटिया टिंक्टोरिया, आणि दुसरे पांढरा कुडा, होलार्‍हिना प्युबेसेन्स. बाजारात गोड इंद्रजव आणि कडू इंद्रजव अशी जी दोन नावे आहेत ती या दोन झाडांच्या बियांची. दोन्ही झाडे एकाच कुळातली, दोन्हींना पांढरा चीक, दोन्हींना जोडीने लोंबणाऱ्या शेंगा, आणि कडू कुड्याच्या सालीत गोड कुड्याची साल मिसळून विकली जाते ही तक्रार वैद्यांकडून वर्षानुवर्षे ऐकू येते. त्या दिवशी भिंग लावून पाहिल्यावर माझ्या लक्षात आले की बियांवरच्या केसांच्या झुबक्याची जागाही वेगळी आहे. कडू कुड्यात तो बीच्या वरच्या टोकाला असतो आणि गोड कुड्यात खालच्या टोकाला. हे पुस्तकात आहे, मी ते परीक्षेसाठी पाठही केले होते. झाडाखाली उभी असताना मला ते आठवले नाही आणि बाबांना चव आठवली, यातला फरक मी विसरू शकत नाही. त्या दिवसापासून स्थानिक नावाच्या रकान्यात आम्ही ओळखीची खूणही लिहू लागलो: चव, चिकाचा रंग, पान चुरगळल्यावर येणारा वास, सालीची आतली बाजू हवेत किती वेळाने काळी पडते.

तरीही रकाने आठच होते. नववा आला तो मुसळीमुळे.

पहिल्या पावसाळ्यात आम्ही पठाराच्या एका उतरत्या कडेवर पांढऱ्या मुसळीची चांगली वस्ती नोंदवली होती. क्लोरोफायटम बोरिविलियानम असे तिचे शास्त्रीय नाव आहे, मुंबईच्या बोरिवलीवरून दिलेले. पहिल्या पावसाबरोबर गवतासारखी हिरवी पाती वर येतात, मग मधून एक दांडा आणि त्यावर सहा पाकळ्यांची पांढरी नाजूक फुले. मुळांचा झुबका जमिनीखाली बोटाएवढा जाड होतो आणि औषधाला तोच लागतो. नमुना पूर्ण व्हायचा तर मुळांसकट रोप हवे, असा नियम मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवला होता. त्यामुळे एका तुकडीने काही रोपे खणली, पंधरा दिवसांनी दुसऱ्या तुकडीने खणली, काहींनी घरी नेऊन कुंडीत लावण्यासाठीही घेतली. सगळी फुलावर असतानाच, कारण फुलाशिवाय ओळख पटत नाही. दुसऱ्या वर्षी जूनच्या अखेरीस त्याच कडेवर चौकट आखली तेव्हा आत मुसळीचे एकही पाते नव्हते. चौकटीबाहेर दोन-चार होती.

मी हे पायथ्याच्या गावातल्या एका आजींना सांगितले. त्या दरवर्षी पहिल्या पावसात पठारावर कोवळ्या रानभाज्या आणायला जातात, आणि या मुसळीची कोवळी पातीही भाजीला घेतात. पहिली भाजी आधी देवापुढे ठेवायची आणि मगच ताटात घ्यायची, हा त्यांच्या घरचा नेम आहे. त्यांनी माझे बोलणे पूर्ण ऐकून घेतले आणि विचारले, "फुलाला आलेली खणली का?"

मी हो म्हटले.

"मग कशी राहील बाई ती? फुलाला आलेली कुनी खणतं का? बी पडू द्यावं, पात पिवळी होऊन बसू द्यावी, मग खणावं. अन् मुळ्या मोडून घ्यायच्या, डोकं परत मातीत लावायचं. डोकं घरी नेत नाहीत."

वनस्पतिशास्त्राच्या भाषेत हे तंतोतंत बरोबर आहे. मुसळीचा पुढच्या वर्षीचा कोंब मुळ्यांच्या वरच्या चकतीवर असतो. मुळ्या तोडल्या तरी चकती मातीत राहिली तर रोप पुन्हा येते, आणि पाती पिवळी पडेपर्यंत थांबले तर बीही पडलेले असते आणि मुळ्यांत अन्नही भरलेले असते. आजींच्या दोन वाक्यांत पुनरुत्पादन होते, हंगाम होता आणि काढणीची पद्धत होती. आमच्या आठ रकान्यांत यांतले एकही बसत नव्हते. "उपयुक्त भाग: मूळ" एवढेच आम्ही लिहिले होते. त्या तीन शब्दांनी आम्ही पुढच्या माणसाला काय खणायचे ते सांगितले, कसे खणायचे ते नाही. दोष पूर्णपणे आमचा होता, आणि मी तो वर्गात विद्यार्थ्यांसमोर तसाच मांडला. त्याच आठवड्यात नोंदवहीच्या समासात रेघ ओढली आणि वर लिहिले: काढण्याची रीत.

हा रकाना भरायला लागल्यावर डोंगर वेगळा दिसू लागला. साल काढायची तर खोडाच्या एकाच बाजूची, आणि पूर्ण वळसा घालून कधीच नाही. वळसा घातला की झाड वाळते. गुळवेल तोडायची ती वरून, जमिनीतले मूळ शाबूत ठेवून, आणि तोडलेल्या वेलीचा एक वीतभर तुकडा झाडाच्या बेचक्यात ठेवून द्यायचा, कारण गुळवेल हवेतच मुळे सोडते. शतावरीच्या सगळ्या मुळ्या घ्यायच्या नाहीत. रानकेळ फळल्यावर स्वतःच मरते, म्हणून तिच्या बिया औषधाला न्यायच्या तर काही बिया त्याच कपारीत टाकून जायच्या. कळलावीच्या कंदाला हात लावण्याआधी भगताला विचारायचे, कारण तो विषारी आहे. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून त्याचा बाहेरून लेप लावण्याची रीत या भागात होती आणि तिचे नावही त्यावरूनच पडले आहे. कोणत्याही औषधाची मात्रा मात्र आम्ही नोंदवहीत लिहीत नाही. ती भगताच्या हाताची गोष्ट आहे, आणि कागदावर वाचून कोणी ती घ्यावी असे मला वाटत नाही.

या रकान्यात सर्वाधिक वेळा आलेला शब्द आहे आवतण. बाबांच्या बरोबर मी ते एकदाच पाहिले. भाद्रपदातली संध्याकाळ होती आणि पाऊस उघडला होता. त्यांना दुसऱ्या दिवशी एका आजारी मुलासाठी भारंगीची मुळी हवी होती. ते रोपापाशी उकिडवे बसले, डोक्यावरचे मुंडासे काढून बाजूला ठेवले, कंबरेच्या पुडीतून तांदळाचे चार-पाच दाणे आणि एक सुपारी काढून बुंध्याशी ठेवली आणि हळू आवाजात बोलले. मला ऐकू आले ते एवढेच की उद्या येतो, एका लेकरासाठी येतो, राग धरू नको. मग उठले आणि रिकाम्या हातांनी खाली उतरले. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पुन्हा तेवढाच चढ चढून त्यांनी एकाच बाजूची माती उकरली, दोन मुळ्या काढल्या, माती परत लोटून पायाने दाबली आणि वरती पालापाचोळा पसरला.

वनस्पती ऐकते की नाही, यावर मला काही म्हणायचे नाही. मात्र मी त्या दोन दिवसांचा हिशेब मांडला आहे. प्रत्येक मुळीसाठी डोंगर दोनदा चढावा लागतो. आदल्या दिवशी कोणाचे तरी नाव घ्यावे लागते, म्हणजे रोगी ठरलेला असतो आणि गरजही ठरलेली असते. ज्या रोपाला आवतण दिले त्याच रोपाची मुळी घेता येते, शेजारच्याची नाही. अशा रीतीने कोणालाही पोतेभर मुळ्या काढता येणार नाहीत. डोंगर देवाचा आहे, म्हणून त्यावरचे औषध मागून घ्यायचे, एवढ्या एका समजुतीने पिढ्यान्‌पिढ्या काढणीवर लगाम ठेवला. नाशिक जिल्ह्याच्या कळवण, सुरगाणा, बागलाण या भागांत कोकणा आणि भिल्ल बांधव मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव करतात, त्यात डोंगर हाच देव असतो. अंजनेरीवर तो उत्सव मी पाहिलेला नाही, पण भाव तोच आहे.

हा लगाम सुटला की काय होते, हे सह्याद्रीने नरक्याच्या बाबतीत पाहिले आहे. उग्र वासामुळे हे नाव पडलेल्या या लहान झाडाकडे पूर्वी कोणी वळून पाहत नसे. १९६६ मध्ये अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी या दोघा शास्त्रज्ञांनी एका चिनी झाडापासून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळे केले. त्यांतले वाणी हे आपल्या नंदुरबारचे. १९७२ मध्ये तेच द्रव्य भारतीय शास्त्रज्ञांना नरक्यात सापडले. पुढे १९९६ मध्ये कॅम्प्टोथेसिनपासून तयार केलेल्या दोन औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि त्या औषधांनी असंख्य रुग्णांना आधार दिला आहे, याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. सह्याद्रीत मात्र नरक्याची झाडे मुळापासून तोडून, तुकडे करून पोत्यांनी गेली. झाडाचे नाव आणि उपयोग सर्वांना कळला होता. काढण्याची रीत त्याला नव्हतीच, कारण औषध म्हणून त्याच्याकडे कोणी आवतण घेऊन गेलेच नव्हते.

केरळातल्या अगस्त्यकूट या पवित्र डोंगराचे उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. १९८७ च्या डिसेंबरात शास्त्रज्ञ पुष्पांगदन यांचे पथक तेथे लोकांच्या वनस्पतिज्ञानाची पाहणी करत असताना कणी जमातीचे वाटाडे एक लहानसे फळ खात चालत होते आणि थकत नव्हते. फार विनवण्या केल्यावर त्यांनी ती वनस्पती दाखवली, आरोग्यपच्चा. तिच्यापासून पुढे ‘जीवनी’ हे औषध तयार झाले, आणि त्याच्या परवान्याच्या शुल्कातला व स्वामित्वशुल्कातला निम्मा वाटा कणी लोकांना देण्याचे ठरले. त्यासाठी १९९७ मध्ये त्यांचा विश्वस्त न्यासही स्थापन झाला. ज्याचे ज्ञान त्याला मोबदला, हे जगात फार कमी ठिकाणी घडले आहे, म्हणून ते मोलाचे आहे. तरीही पानांची मागणी वाढल्यावर जंगलातून रोपे उपटून नेण्याचे प्रकार तेथेही झालेच. पैशाचा वाटा ठरवणे आणि काढणीची रीत ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम बहुतेक वेळा राहून जाते.

आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही यांची सोय केली आहे. कल्पना उत्तम आहे. प्रत्यक्षात अनेक नोंदवह्या बाहेरच्या माणसांनी घाईने भरलेल्या मी पाहिल्या आहेत, ज्यांत एका गावाचा मजकूर दुसऱ्या गावाच्या नावाने उतरवलेला आहे. आमच्या कामाचे जे काही मोल असेल ते हेच की आमच्या नोंदवहीची एक प्रत पाड्यावर राहते, दर पावसाळ्याच्या शेवटी ती मोठ्याने वाचून दाखवली जाते, आणि ज्याने सांगितले त्याने नको म्हटले तर ती नोंद काढली जाते. तीन नोंदी अशा काढल्या आहेत.

तिसऱ्या वर्षी एका संस्थेने आमच्याकडे यादी मागितली. पत्र सौजन्याने लिहिलेले होते आणि कामाचे कौतुकही होते. त्यांना प्रत्येक औषधी वनस्पतीचे अक्षांश-रेखांश हवे होते, उपग्रहावरून काढलेले, मीटरपर्यंत नेमके. आमच्याकडे ते होते. मी पाच दिवस उत्तर लिहू शकले नाही. विज्ञानाच्या बाजूने पाहिले तर नेमकी जागा दिल्याशिवाय नोंद पडताळता येत नाही. पण ज्या कंदाची वस्ती एका खोलीएवढ्या कातळावर आहे, त्याची जागा मीटरपर्यंत सांगणे म्हणजे पोते घेऊन येणाऱ्याच्या हातात नकाशा देणे होय. शेवटी सर्वसामान्य जातींच्या जागा आम्ही दिल्या. दुर्मीळ आणि कंदावर जगणाऱ्या जातींसाठी फक्त डोंगराचे नाव आणि उंचीचा टप्पा दिला, आणि नेमक्या जागा पाहायच्या असल्यास आमच्यासोबत, पाड्यावरच्या माणसाला घेऊन, या असे लिहिले. त्यावर आलेले उत्तर फार कडवट होते. माझा निर्णय मला आजही योग्य वाटतो.

तो निर्णय घेताना माझ्या डोळ्यांसमोर एकच रोप होते. अंजनेरीच्या नावाने ओळखली जाणारी एक कंदीलपुष्पाची जात आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. २००६ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले, आणि आज ती अतिसंकटग्रस्त मानली जाते. कंदीलपुष्पांच्या कंदांना लोक खरपुडी म्हणतात आणि भूक लागली की खणून खातात, शक्ती येते असे मानतात. रानडुकरे आणि साळिंदरेही ते उकरतात. एका ऑगस्टमध्ये पठारावर पोटावर पडून मी हे फूल तासभर पाहिले. गवताच्या पात्यांत मिसळून गेलेला बारीक दांडा, त्यावर खाली फुगीर आणि वर निमुळती नळी, आणि टोकाला पाच पाकळ्यांची टोके एकत्र जुळून झालेला पिंजरा, कंदिलाच्या काचेसारखा. एक अगदी लहान माशी त्या फटीतून आत शिरली आणि बाहेर आली नाही. नळीत आतल्या बाजूने खाली वळलेले केस असतात, त्यामुळे आत जाता येते, परत येता येत नाही. फूल शिळे होऊन ते केस सुकले की माशी सुटते आणि परागांच्या पुंजक्यासह दुसऱ्या फुलाकडे जाते. एक बी तयार होण्यासाठी इतकी जुळवाजुळव लागते, आणि माझ्या कोपरापासून हातभर अंतरावरच्या वाटेवर बुटांच्या ठशांनी गवत चिखलात मिसळलेले होते.

हनुमान जयंतीला येथे हजारो भाविक येतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. जयंती चैत्रात असते, तेव्हा कंद जमिनीखाली झोपलेले असतात, आणि भाविक मंदिराच्या वाटेने जातात व त्याच वाटेने उतरतात. खरा भार पडतो तो पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारचा, जेव्हा पठारच फुललेले असते आणि माणसे वाट सोडून पसरतात. याच पठारावर मोटाररस्ता आणि रज्जुमार्ग नेण्याचे प्रस्ताव पुढे आले, तेव्हा नाशिकच्या निसर्गप्रेमींनी आणि परिसरातल्या गावकऱ्यांनी त्यांना विरोध केला. मीही त्या विरोधात आहे. वृद्ध भाविकांना वर जाता यावे ही इच्छा मला समजते, पण चार बोटे मातीवर उभ्या असलेल्या या जीवसृष्टीला यंत्रांचा फेरा एकदा बसला की ती पुन्हा उभी करण्याचा उपाय माझ्या शास्त्राकडे नाही.

आमच्या नमुने दाबायच्या फळ्या पाहून वाटेवरचे यात्रेकरू नेहमी थांबतात आणि विचारतात, "यात संजीवनी आहे का?" मुले तर हटकून विचारतात. पहिल्या वर्षी मी त्यांना संजीवनीविषयीची निरनिराळी मते सांगत असे. आता मी त्यांना वही उघडून मुसळीचे पान दाखवते, तिचे चित्र, आणि उजवीकडच्या समासातला मजकूर वाचून दाखवते. काही जण ऐकून पुढे जातात, काही जण वाटेच्या कडेची पाती ओळखून पाय जपून टाकतात.

गेल्या आश्विनात नोंदवहीचे वाचन झाले. बाबांच्या नातवाने, जो आता बारावीला आहे, कंदिलाच्या उजेडात एकेक पान वाचले, कारण त्या संध्याकाळी वीज गेली होती. भारंगीच्या पानावर नवव्या रकान्यात मी लिहिले होते: आदल्या संध्याकाळी आवतण, पहाटे काढणी, एकाच बाजूच्या दोन मुळ्या, माती परत लोटणे. नातवाने ते वाचले आणि पान उलटणार तेवढ्यात बाबांनी त्याचा हात धरला.

"झाड लहान असंल तर एकच," ते म्हणाले. "ते लिवलं न्हाई मॅडमनी."

नातवाने माझ्याकडून पेन घेतले आणि त्या ओळीखाली त्याच्या अक्षरात ते लिहिले.